वन्संच्या मुली

हालअपेष्टांवर माझ्या वन्संइतकं मनापासून प्रेम करणारं माणूस सबंध रत्नागिरी जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. हालअपेष्टा स्वतःच्या नव्हेत. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात तक्रार करावी असं फारसं काही नाही. पेन्शन वेळेवर येते, गुडघे शाबूत आहेत आणि धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, त्यांच्या शब्दाबाहेर नाही. पण पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वीची कुणी बारा-तेरा वर्षांची पोर उपाशी असेल, आजारी असेल, पोरकी असेल, तर वन्संच्या घशाखाली घास उतरत नाही. अशा पोरींच्या रोजनिश्या लिहिणं हा त्यांचा उद्योग. पोरी मनच्या, काळ खरा. प्लेगातली पोर, दुष्काळातली पोर, रेशनच्या रांगेतली पोर. पुस्तकं बेताच्या जाडीची, मुखपृष्ठावर हमखास दोन वेण्या घातलेली पाठमोरी मुलगी, आणि शेवटच्या पानाशी वाचणारीचा पदर डोळ्यांना.

तशी वन्संची उभी नोकरी एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली. पालीची गाडी कुठल्या फलाटावर लागली, लांज्याची का सुटली नाही, हे सगळं त्या कर्ण्यावरून सांगायच्या, आणि कर्णा बिघडला तर नुसत्या तोंडाने सांगायच्या. ऐकणाऱ्याला फरक कळत नसे. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. वन्सं इतिहासात गेल्या, आणि जाताना आम्हा नवराबायकोला बरोबर घेऊन गेल्या. कारण त्यांचा नियम असा, की पोरीने जे सोसलं ते आपण थोडं तरी सोसल्याशिवाय लिहायचं नाही. प्लेगाचं पुस्तक चालू होतं तेव्हा आम्ही घर सोडून मागच्या आगरात झावळ्यांच्या खोपटात राहायला गेलो, कारण साथीत माणसं घरं सोडून रानात जायची. नवरा खोपटातून इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत जायचा आणि संध्याकाळी परत खोपटात शिरायचा. शेजारच्यांनी कुंपणावरून विचारलं, "घराला वाळवी लागली काय हो?" तर वन्सं आतून ओरडल्या, "पुढे येऊ नका, प्लेग आहे!" तेव्हापासून कुरिअरवाला आमचं पार्सल गेटवर ठेवून पळतो, तो आजतागायत.

रेशनच्या दिवसांतलं पुस्तक त्याहून कठीण गेलं. साखर बंद झाली, गहू बंद झाला, दिवा बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचांना खाकी कागद लागले. नेमकी त्याच आठवड्यात माझी आई कोल्हापूरहून आली. तिला गुळाचा कोरा चहा आणि बरोबर अर्धी भाकरी मिळाली. वन्सं तिच्या शेजारी बसून मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "घ्या, आजचं एवढंच आलं." आईने तेवढं संपवलं. जरा वेळाने मला न्हाणीघराशी गाठून तिने हळूच विचारलं, "जावईबापूंची नोकरी गेली काय गं?" मी तिला समजावलं, पण तिची समजूत पटली नसावी. गेल्यावर तिने तांदळाचं पोतं पाठवून दिलं. वन्संनी ते बघितलं आणि रात्रीच्या जेवणाआधी पुस्तकात लिहूनही टाकलं: त्या पोरीच्या घरी देशावरच्या आजीकडून तांदूळ आले.

पोरी मनच्या आहेत हे बाहेरच्यांना वेळेवर कळत नाही, ही खरी अडचण. वन्सं बोलतातच तशा. प्लेगातल्या मुलीचं नाव यमू. तिला ताप भरला तेव्हा वन्सं देवळात अभिषेक सांगायला गेल्या. गुरवाने ताम्हन उचललं, नाव विचारलं, वय विचारलं, मग गोत्र विचारलं. वन्सं म्हणाल्या, "ते अजून ठरवलं नाही." मच्छी मार्केटात त्यांची नेहमीची कोळीण रोज चौकशी करायची, "पोरीचा ताप उतरला का गो?" आणि वन्सं मान हलवून सांगायच्या, "नाही गो, कालपासून बरळतेय." ती बिचारी दोन बांगडे जास्तीचे टाकायची, पोरीला कढण करून घाला म्हणून. मग एका मंगळवारी यमू गेली. वन्संचं तोंड बघूनच कोळणीला कळलं असावं, कारण दुपारी ती टोपली उतरवून आमच्या ओटीवर येऊन बसली आणि वन्संचा हात धरून रडली. दोघी रडल्या. मी काय करणार, चहा केला.

शेवट गोड करायचा नाही, हे त्यांचं ठाम होतं. मी एकदा धीर करून म्हटलं होतं, "वन्सं, एखादी तरी पोर सुखाला लागू दे की." त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "इतिहास काय माझ्या माहेरचा आहे, वाटेल तसा वाकवायला? झालं तसं लिहायचं." त्यांना काही सांगायला जाणं म्हणजे सुटलेल्या गाडीला हात दाखवण्यासारखं.

तर मागल्या वर्षी चंद्राची रोजनिशी सुरू झाली. चंद्रा बारा वर्षांची, घर मांडवीचं, काळ दुसऱ्या महायुद्धाचा. बाप बोटीवर खलाशी. बोट लढाईच्या समुद्रात गेलेली आणि पत्र येणं थांबलेलं. आमच्या भागातल्या वाचनालयात रविवारी सकाळी मुलींची बैठक भरते, तिथे वन्सं दर आठवड्याला लिहून झालेला मजकूर वाचून दाखवायच्या. वीसेक मुली सतरंजीवर बसायच्या, आणि वन्सं त्यांच्या स्टँडवरच्या आवाजात वाचायला लागल्या की रस्त्यावरचे लोकही थबकायचे. सगळ्यांच्या पुढे, वन्संच्या अगदी पायाशी बसायची ती आमच्या मागच्या घरातली तन्वी. सातवीतली, हडकुळी, सतत नख खाणारी. तिची आई घरी शिवणकाम करते. वडील बोटीवर फिटर.

बैठक चार-पाच रविवार झाली असेल, आणि तन्वीच्या वडिलांची बोट ज्या बाजूला निघाली होती तिकडे लढाई पेटली. दोन दिवस बातम्यांत नुसता धूर दिसत होता. मग बोटीचा फोन लागेनासा झाला. मुंबईच्या ऑफिसात विचारलं की तिथला माणूस म्हणायचा, संपर्क होत नाही, झाला की कळवू. त्या घरातलं शिवणयंत्र एरवी दिवसभर चालायचं. ते बंद पडलं तेव्हा आम्हाला कळलं की इतके दिवस आपण तो आवाज ऐकत होतो.

त्या आठवड्यात तन्वीची आई आमच्याकडे आली. ओटीवर बसली नाही, दारातच उभी राहिली. "ताई, एक विचारू? त्या गोष्टीतला बाप परत येतो ना हो? पोरगी नीट जेवत नाही. म्हणते, चंद्राचे बाबा आले की आपलेही येतील."

वन्सं विळीवर बसल्या होत्या, फणस अर्धा चिरलेला. मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं, की चंद्राचा बाप चार दिवसांपूर्वी बुडाला. ते प्रकरण त्यांनी आदल्या सोमवारी लिहून पुरं केलं होतं आणि पुरं केल्यावर डोक्यावरून पाणी घेतलं होतं.

"अजून तिथवर आले नाही गो मी," वन्सं म्हणाल्या. मला आठवतंय तेव्हापासून त्यांनी सांगितलेली ती पहिली खोटी वेळ. स्टँडवरसुद्धा त्या कधी खोटी वेळ सांगत नसत.

ती गेल्यावर मी म्हटलं, "बदला हो वन्सं. एका पोरीसाठी."

"आणि बदललं न् तिचा बाप नाही आला तर?" त्या एकदम कडाडल्या. "मग मी तिला काय तोंड दाखवू? चंद्राचा आला, तुझा नाही, असं?" हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. फणसाचा चीक विळीवर वाळून गेला, वन्संनी परत हात लावला नाही.

मग त्यांनी जे केलं ते बघायला इतिहासातले मोठमोठे लोक यायला हवे होते. त्यांनी दुसरं महायुद्ध थांबवलं. बाप बुडालेलं प्रकरण ट्रंकेत गेलं आणि चंद्राच्या आयुष्यात एकाएकी भलतीच धामधूम सुरू झाली. एका रविवारी तिच्या गाईला पाडी झाली. पुढच्या रविवारी आंबोळ्या कशा घालाव्यात हे तिने सविस्तर लिहिलं, पीठ भिजवण्यापासून. त्यापुढे तिच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. ते पाहुणे, मानपान आणि रुसवेफुगव्यांसकट तीन रविवार चाललं, तरी अक्षता पडेनात. मुली जांभया द्यायला लागल्या. वाचनालयाचे म्हातारे ग्रंथपाल फार सोशिक, पण त्यांनीही शेवटी काउंटरमागून विचारलं, "ताई, तिकडे हिटलर काय करतोय मग?" वन्सं म्हणाल्या, "जेवायला बसलाय." आणि वाचत राहिल्या.

घरी त्यांची तऱ्हा बघवत नव्हती. या पुस्तकासाठी त्यांनी सोसायला काहीच निवडलं नव्हतं. साखर होती, दिवे होते, खिडक्या उघड्या होत्या, आणि तरी आमच्या घरात इतकी कठीण वेळ कधी आली नव्हती. सकाळी उठून त्या आधी मागच्या खिडकीशी जायच्या, यंत्राचा आवाज येतो का ऐकायला. यायचा नाही. मग चहा घ्यायच्या.

लग्नाच्या तिसऱ्या रविवारी बैठक संपली, मुली चपला शोधायला गेल्या, आणि तन्वी सतरंजीवरच बसून राहिली. मी खुर्च्या मागे सारत होते. ती म्हणाली, "आजी, तुम्ही टाळताय."

"काय टाळत्ये?"

"चंद्राचे बाबा. तुम्ही मुद्दाम लग्न लांबवताय. माझ्यासाठी."

वन्सं खाली तिच्याशेजारी बसल्या. गुडघ्यांचा कट्कन आवाज झाला. "मग तुला काय ऐकायचंय, बाय?"

तन्वीने तोंडातलं नख काढलं. मग म्हणाली, "ते येतात की नाही ते नका सांगू. चंद्रा तोपर्यंत काय करते, ते सांगा. म्हणजे शाळेत काय करते, जेवताना काय करते. आईशी कशी बोलते. मला ना, दिवसभर कसं वागायचं तेच कळत नाही. सगळे म्हणतात, येतील गं, येतील. पण तोपर्यंत काय करायचं, ते कुणीच सांगत नाही."

वन्संनी तिच्या पाठीवर हात ठेवला. घरी येताना रस्ताभर बोलत होत्या, आणि सगळं स्वतःलाच. "आंबोळ्या कसल्या लिहितेस? पोर काय विचारते न् तू काय लिहितेस!"

दुसऱ्या दिवशी आम्ही मालगुंडला गेलो. वन्संच्या स्टँडवरच्या एका मैत्रिणीची आत्या तिथे राहते. वय नव्वदीच्या पुढचं, कान चांगले, दात एकही नाही. तिचे वडील लढाईत बोटीवर होते. माडाखाली बाज टाकून बसली होती. वन्संनी विचारलं, "आत्या, वडील तिकडे असताना तुम्ही इकडे वाट कशी बघायचात?"

"वाट काय बघायची?" म्हातारी म्हणाली. "कामं थांबतात काय? पाणी भरायचं, शेण काढायचं, भात कांडायचं." मग जरा थांबून म्हणाली, "आये विहिरीवर रडायची. मी गोठ्यात. बोललो नव्हतो कधी, पण वाटून घेतलेलं. तिने गोठ्यात यायचं नाय, मी विहिरीवर जायचं नाय." वन्सं ऐकत होत्या. "आणि एकदा गो, कातळावर करवंदं काढायला गेलेलो आम्ही पोरी. इतक्या हसलो, इतक्या हसलो, आख्खी दुपार मला बाबांची आठवणच झाली नाय. घराकडे वळले न् एकदम बाबा आठवले. वाटलं, मी विसरले म्हणून आता त्यांचं काहीतरी होणार. त्या रात्री जेवले नाय."

तिचे वडील परत आले का, हे वन्सं आता विचारतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं नाही. म्हातारीने दिलेले नारळ पिशवीत घालून आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर मला राहवेना. "वन्सं, शेवटचं विचारलंच नाही तुम्ही."

"विचारलं असतं तर कळलं असतं," वन्सं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आणि कळलं असतं तर लिहावं लागलं असतं."

त्या रविवारी चंद्राच्या बहिणीच्या डोक्यावर एकदाच्या अक्षता पडल्या आणि दुसऱ्या ओळीपासून चंद्रा वाट बघायला लागली. वन्संनी सगळं लिहिलं होतं. विहीर आणि गोठा होता. करवंदांची दुपार होती. आईवर उगीच ओरडणं होतं आणि बाबांचा सदरा दोरीवर तसाच ठेवायचा की घडी करायची यावरून घरात झालेलं भांडणही होतं. एकही मुलगी जांभई देत नव्हती. तन्वीने नख तोंडात घातलं होतं, पण खात नव्हती. करवंदांचा भाग आला तेव्हा ती एकदम म्हणाली, "मीपण!" आणि लाजून खाली बघायला लागली. वन्संनी वाचन थांबवलं. "परवा शाळेत गॅदरिंगच्या नाचात," ती पुटपुटली, "मी हसले खूप."

"मग?" वन्सं म्हणाल्या. "चंद्रापण हसली. हसल्याने बोटी बुडत नाहीत हो. बोटींना तेवढा वेळ नसतो."

त्या दुपारी काय झालं ते तन्वीच्या आईने मला नंतर सांगितलं. पोरगी घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आई, तू न्हाणीघरात नळ सोडून रडतेस ते मला ठाऊक आहे. मी शाळेच्या जिन्याखाली रडते. आपण दोघी इथेच रडूया का?" आणि दोघी स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडल्या, आणि मग दोघींनी माशाचं कालवण आणि भात पोटभर खाल्ला.

फोन त्यानंतर पुढच्या आठवड्यात आला. भर दुपारी. वन्संच्या केसांना मी तेल लावत होते. मागचं दार धाडकन उघडलं आणि तन्वीची आई गळ्यात टेप तशीच लटकत असलेली, अनवाणी, धावत आली. तिला नीट बोलता येत नव्हतं. "लागला. फोन लागला. बोलले. स्वतः बोलले. सगळे सुखरूप आहेत. दुसऱ्या बंदरात लागलेत. घरी पाठवतायत." एवढं सांगून ती खाली बसली.

वन्सं उठल्या. मला वाटलं आता देवापुढे साखर ठेवतील, की आवाज काढून सगळ्या आळीला सांगतील. त्या तेलकट केस मोकळे सोडून घरात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "हुश्श," म्हणाल्या, आणि मग, अगदी गंभीरपणे, "चंद्राला सांगायला हवं."

वडील महिन्याभराने आले. उंच, काळवंडलेले, जरा वाळलेले. कुणाशी फार बोलत नव्हते. तन्वी त्यांच्या शर्टाची बाही धरून सगळीकडे हिंडत होती. ते आल्यावर पहिल्याच रविवारी ती वन्संकडे आली आणि मोठ्या उदार मनाने म्हणाली, "आजी, आता तुम्ही खरं काय झालं ते लिहा. बुडवलंत तरी चालेल. मी ऐकीन."

म्हणजे वाट मोकळी होती. ट्रंकेत मजकूर तयार होता, वन्संच्या मते त्यांनी आजवर लिहिलेला सर्वांत चांगला. त्यांनी तो काढला, वाचला, परत ठेवला. नवऱ्याने विचारलं, "ताई, मग काय ठरलं?" तर म्हणाल्या, "सगळ्याच बोटी बुडाल्या होत्या काय रे? एखादी आलीच असेल ना? मग ती कुणी लिहायची?" आणि खोलीचं दार लावून बसल्या.

शेवटच्या रविवारी तन्वी वडिलांना घेऊन आली. मुली खाली सतरंजीवर, वडील मागे खुर्चीवर. वन्सं वाचायला लागल्या. चंद्रा पाणी भरून येत होती, वाटेत तिला कुणी तरी हाक मारली होती, आणि ती हाक ओळखीची आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. एवढ्यात तन्वीने मागे वळून बघितलं आणि सगळ्या मुलींना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. तिचे वडील झोपले होते. मान एका बाजूला कललेली, हात मांडीवर उघडे. इतक्या दिवसांचा शीण होता, उतरला.

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. आणखी खाली आणला. उरलेलं प्रकरण त्यांनी कुजबुजत वाचलं. मुली ऐकण्यासाठी पुढे सरकत सरकत त्यांच्या गुडघ्यांना येऊन चिकटल्या, ग्रंथपाल काउंटर सोडून जवळ आले, आणि मांडवीच्या घरात चंद्राचा बाप पाय धुऊन आत आला तेव्हा ते आम्हा थोड्याच जणांना ऐकू आलं.

आम्ही दोघी घरी निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. वळणावर थांबून वन्सं म्हणाल्या, "इतक्या पोरी वाढवल्या गो मी. एकीचाही बाप घरी आणला नव्हता."

"मग आणा की आता," मी म्हटलं. "एकेकीचा."

त्यांनी छत्री उघडली, अर्धी माझ्या डोक्यावर धरली.

"छापून झाल्या गो त्या," म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.